पहिली नजर कोणाची?

राफेल चांगले की चिनी जे-१०? मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर हा प्रश्न लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सर्वत्र चघळला गेला. एकाने राफेलची किंमत सांगायची, दुसऱ्याने चिनी क्षेपणास्त्राचा पल्ला सांगायचा आणि तिसऱ्या काकांनी 'आमच्या वेळचे नॅट बघायला हवे होते तुम्ही' असे म्हणून दोघांनाही गप्प करायचे. सचिन मोठा की लारा, या चालीवरच हा वाद चालतो. करमणूक म्हणून तो ठीक आहे. पण हवाई युद्धाचा इतिहास चाळला तर दोन विमाने सारख्या उंचीवर, सारख्या इंधनानिशी, एकमेकांना दिसत असताना समोरासमोर आली आणि मग त्यांतले 'चांगले' विमान जिंकले, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. चकमकीचा निकाल बहुधा ती सुरू होण्याआधीच लागलेला असतो. कोणी कोणाला आधी पाहिले, कोण वर होता, कोणाच्या टाकीत परत जाण्यापुरतेच इंधन उरले होते, कोणाच्या कानात वाट दाखवणारा आवाज पोचत होता, या गोष्टी तो लावतात. विमानाचा क्रमांक त्यानंतर येतो.

काकांच्या नॅटचेच उदाहरण घेऊ. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी युद्ध अजून रीतसर जाहीर व्हायचे होते. पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर, बोयरा भागात, पाकिस्तानी सेबर विमाने मुक्तिवाहिनीवर आणि आपल्या फौजांवर मारा करीत होती. त्या दिवशी सकाळी ती दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा डमडमहून आपली नॅट उडाली, पण गाठ पडली नाही. कागदावर पाहिले तर सेबर काही कमी नव्हते. सहा मशिनगन, वळणाच्या झुंजीत उत्तम, कोरियाच्या युद्धात नाव कमावलेले. नॅट म्हणजे खेळण्यातले वाटावे एवढे चिमुकले विमान. ते झटकन चढायचे आणि आकारामुळे चटकन नजरेला पडायचे नाही, हे त्याचे बळ. बिघाड वारंवार होत, ही त्याची दुखरी बाजू.

दुपारी तिसऱ्यांदा सेबर आली तेव्हा रडारवर बसलेले फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची यांनी चार नॅटना अचूक दिशा दिली. रॉय मॅसी, एम. ए. गणपती, डोनाल्ड लाझारस आणि सोआरेस हे चौघे वैमानिक तेथे पोचले, त्या क्षणी सेबर काय करीत होती हे पाहण्यासारखे आहे. ती खाली सूर मारून जमिनीवर गोळीबार करीत, पुन्हा थोडी वर येत आणि पुन्हा सूर मारीत होती. उंची कमी, वैमानिकाचे सगळे लक्ष खालच्या लक्ष्यावर. वळणात उत्तम असलेल्या सेबरला वळायची उसंतच मिळाली नाही. काही मिनिटांत दोन सेबर पडली, तिसरे जखमी होऊन कसेबसे परतले. उडी मारलेल्या दोघा पाकिस्तानी वैमानिकांपैकी एक होते परवेझ मेहदी कुरेशी. तेच पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानचे हवाई दल प्रमुख झाले. आपली चारही नॅट सुखरूप परतली. वृत्तपत्रांत छायाचित्रे वैमानिकांची छापली गेली, आणि ते योग्यच होते. पण सकाळच्या दोन फसलेल्या उड्डाणांत आणि दुपारच्या यशस्वी उड्डाणात विमाने तीच होती. फरक पडला तो रडारवरून मिळालेल्या अचूक वाटेचा आणि सेबरच्या गाफील क्षणाचा.

युद्ध सुरू झाल्यावर पूर्व आघाडीवर जे घडले ते तर आणखी बोलके आहे. ढाक्याच्या तेजगाव तळावर सेबरची एकच स्क्वाड्रन होती. आकाशात तिचा एकेक करून फडशा पाडायचा तर आपलीही माणसे गेली असती. ६ डिसेंबरपासून गुवाहाटीहून उडणाऱ्या मिग-२१ विमानांनी वेगळीच वाट धरली. मिग-२१ हे मुळात शत्रूची बॉम्बफेकी विमाने अडवण्यासाठी बांधलेले. बॉम्ब टाकणे हा त्याचा धंदा नव्हे. पण उंचावरून तीव्र कोनात सूर मारून ५०० किलोचे बॉम्ब त्यांनी तेजगावच्या धावपट्टीवर टाकले आणि तिला खड्डे पाडले. विमाने शाबूत, वैमानिक शाबूत, पण उडायचे कोठून? सेबर पुढे युद्धभर जमिनीवरच राहिली. नंतरचे दहा दिवस पूर्वेचे आकाश आपले होते, आणि आपले सैन्य नद्या ओलांडीत ढाक्याकडे सरकले ते या मोकळ्या आकाशाखालून. ज्या लढाईत एकही विमान पाडावे लागले नाही, ती हवाई लढाई सर्वांत पूर्णपणे जिंकलेली होती, असे मला वाटते.

फायदा हातचा सोडला की काय होते, याचे उदाहरण १९६५ च्या युद्धात सापडते. ७ सप्टेंबर रोजी सरगोध्यावर हल्ला करून परतणाऱ्या आपल्या मिस्टेअर विमानांना पाकिस्तानच्या स्टारफायटरने गाठले. स्टारफायटर म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणारे, त्या काळचे जगातले सर्वांत बोलबाला असलेले विमान. त्याच्यापुढे मिस्टेअर म्हणजे शर्यतीच्या घोड्यापुढे टांग्याचे घोडे. पण स्टारफायटरचे पंख इवलेसे, वळण मोठे. वेगाने यायचे, मारायचे आणि वेगानेच निघून जायचे, हीच त्याची रीत असायला हवी होती. तो वैमानिक वेग सोडून वळणावळणाच्या झुंजीत उतरला आणि स्क्वाड्रन लीडर अज्जमदा बोप्पय्या देवय्या यांच्या तोफेच्या टप्प्यात आला. स्टारफायटर पडले. देवय्या परत आले नाहीत. त्यांच्या या पराक्रमाकडे पुन्हा वळायचे आहे, कारण त्याची पुढची कथा आजच्या प्रश्नाशी निगडित आहे.

परदेशातही हेच दिसते. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचे युद्ध झाले. अर्जेंटिनाची मिराज ब्रिटिशांच्या सी हॅरिअरपेक्षा वेगाने जवळजवळ दुप्पट होती. पण मिराजला मुख्य भूमीवरून सहा-सातशे किलोमीटर समुद्र ओलांडून यावे लागे आणि बेटांवर पोचल्यावर थोड्याच मिनिटांपुरते इंधन उरे. वेग वाढवावा तर परतीचे इंधन जळते. हॅरिअर आपल्या जहाजांवरून जवळून उडत. शिवाय समोरूनही मारता येईल असे सुधारलेले साइडवाइंडर क्षेपणास्त्र त्यांच्यापाशी होते. हवाई झुंजीत एकही हॅरिअर पडले नाही. मिराजचा वेग कारखान्याच्या माहितीपत्रकात राहिला.

हूल देण्याचा मान मात्र अमेरिकेच्या रॉबिन ओल्ड्स या कर्नलला द्यायला हवा. व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामची मिग-२१ फार हुशारीने लढत. जमिनीवरच्या रडारच्या सांगण्यावरून ती बॉम्बनी लादलेल्या एफ-१०५ विमानांच्या मागे येत, एक क्षेपणास्त्र सोडीत आणि पसार होत. विमान पडले नाही तरी चालायचे. घाबरून वैमानिकाने बॉम्ब वाटेतच टाकले की मिगचे काम झाले. २ जानेवारी १९६७ रोजी ओल्ड्सने आपली एफ-४ फँटम लढाऊ विमाने एफ-१०५ असल्याचे सोंग देऊन पाठवली. तोच मार्ग, तोच वेग, रेडिओवर तशीच नावे, जॅमिंगची उपकरणेही तीच. मिग ढगांतून सावजासाठी वर आली आणि समोर शिकारी उभा. अमेरिकेने त्या दिवशी सात मिग पाडल्याचे जाहीर केले, स्वतःचे एकही न गमावता.

त्याच १९८२ साली, जूनमध्ये, लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने या सगळ्या युक्त्या एका माळेत ओवल्या. आधी वैमानिकरहित छोटी विमाने पाठवून सीरियाची रडार सुरू करायला लावली. रडार सुरू झाले की त्याचा ठावठिकाणा कळतो. मग ती रडार आणि क्षेपणास्त्रांचे १९ पैकी १७ अड्डे ९ जूनच्या दिवशी उद्ध्वस्त केले. ते वाचवायला सीरियाची मिग उडाली, तेव्हा हॉकआय हे टेहळणी विमान ती धावपट्टी सोडतानाच त्यांना पाहत होते. सीरियाचे वैमानिक जमिनीवरून येणाऱ्या सूचनांवर लढायला शिकलेले, आणि त्यांचे रेडिओ इस्रायलने आवाजाने भरून टाकलेले. पुढच्या काही दिवसांत सीरियाची ऐंशीच्या आसपास विमाने पडली. आधी डोळे, मग कान आणि शेवटी विमाने, असा हा क्रम. जगातल्या प्रत्येक हवाई दलाने तो तेव्हापासून घोकला आहे.

आता २०२५ कडे येऊ. त्याआधी क्षेपणास्त्राच्या पल्ल्याविषयी थोडे सांगणे जरूर आहे, कारण वाहिन्यांवर या पल्ल्याचे आकडे किराणा मालाच्या भावासारखे फेकले जातात. हवेतून हवेत मारायच्या क्षेपणास्त्राचे इंजिन सामान्यतः काही सेकंदच जळते. नंतर ते मिळालेल्या वेगावर जात राहते, आपण भिरकावलेल्या दगडासारखे. दगड गच्चीवरून फेकला तर दूर जातो, अंगणातून फेकला तर जवळ पडतो; धावत येऊन फेकला तर आणखी दूर. विमानाचेही तसेच. उंचावरून, वेगात असताना सोडलेले क्षेपणास्त्र दूर जाते. समोरचा आपल्याकडे येत असेल तर ते त्याला लवकर गाठते. तो पाठ फिरवून पळू लागला तर वाटेतच दम तोडते. म्हणून २०० किलोमीटर पल्ला म्हणजे २०० किलोमीटरच्या आतला प्रत्येक जण मेला, असे नव्हे. पण आपल्याकडे क्षेपणास्त्र येत आहे हे ज्याला कळलेच नाही, आणि जो सरळ रेषेत आपल्या कामगिरीत गुंतलेला आहे, त्याच्यासाठी तो पल्ला खरा ठरतो. बोयऱ्याच्या सेबरची आठवण येथे यावी.

पहलगामच्या हत्याकांडानंतर ७ मे २०२५ च्या मध्यरात्री एकच्या सुमारास भारताने नऊ दहशतवादी तळांवर मारा केला. आपली विमाने आपल्याच हद्दीत होती, पाकिस्तानची त्यांच्या. मानवी डोळ्याला कोणीही दिसत नव्हते. भारताने जाहीरच केले होते की लष्करी ठाण्यांना हात लावलेला नाही. या संयमामागे राजकीय कारण होते, आणि अण्वस्त्रे बाळगणाऱ्या शेजाऱ्याशी वागताना ते कारण क्षुल्लक म्हणता येणार नाही. पण हवाई लढाईच्या हिशेबात त्याचा अर्थ असा की पाकिस्तानची रडार, टेहळणी विमाने आणि लढाऊ विमाने अगदी शाबूत व सावध असताना आपले वैमानिक हल्ल्याला गेले. बेकाचा क्रम आपण उलटा केला.

त्या रात्री काय झाले, याविषयी दोन्ही देशांचे दावे जुळत नाहीत. पाकिस्तानने राफेलसह पाच आणि नंतर सहा विमाने पाडल्याचे सांगितले. जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये सहाचा आकडा साफ फेटाळला. मात्र विमाने गमावली हे मान्य केले. डावपेचातली चूक आम्ही शोधली, सुधारली आणि दोन दिवसांनी पुन्हा सर्व विमाने उडवून दूर पल्ल्यावर मारा केला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. जून महिन्यात जकार्ता येथील आपल्या संरक्षण प्रतिनिधीने एका परिसंवादात लष्करी ठाण्यांना हात न लावण्याच्या राजकीय बंधनाचा संबंध या हानीशी जोडला. वक्तव्य संदर्भ सोडून दिले गेले, असा खुलासा दूतावासाने केला. रॉयटर्सने ऑगस्टमध्ये दिलेल्या वृत्तानुसार चीनच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राचा पल्ला दीडशे किलोमीटरच्या आसपास असल्याचा आपला समज होता, आणि ते त्याहून बऱ्याच दुरून सोडले गेले. हे सारे जोडून पाहिले तर मला त्यात राफेलचा पराभव दिसत नाही. विमान कोणतेही असते तरी त्या अटींवर अडचणीत आले असते. अटी आपण स्वतःच बऱ्याच अंशी ठरवून दिल्या होत्या.

पुढचे तीन दिवस निराळे होते. ८ मे रोजी लाहोरची हवाई संरक्षण यंत्रणा निकामी केल्याचे भारताने जाहीर केले. १० मेच्या पहाटे ब्रह्मोस आणि इतर क्षेपणास्त्रे पाकिस्तानच्या हवाई तळांवर पडली. सरकारने ११ तळांचा आकडा दिला. रहीमयार खानच्या धावपट्टीवरचा खड्डा आणि भोलारीच्या हँगरचे फाटलेले छप्पर उपग्रहांच्या छायाचित्रांत जगाने पाहिले. एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी ९ ऑगस्टला बंगळुरूमध्ये सांगितले की एस-४०० यंत्रणेने पाच लढाऊ विमाने आणि सुमारे ३०० किलोमीटरवर एक मोठे विमान पाडले. पाकिस्तानने याचा इन्कार केला आहे. खरेखोटे काळ ठरवील. पण टेहळणी करणारे मोठे विमान सीमेपासून दूर हटवणे, रडार फोडणे आणि मग धावपट्टीला खड्डे पाडणे, हा क्रम तेजगावचा आणि बेकाचा आहे. तो सापडायला तीन दिवस लागले, आणि पहिल्या रात्रीची किंमत देऊन तो सापडला.

त्या दिवसांत आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकले होते, हे वाचक विसरले नसतील. घराघरांत लोक रात्रभर जागून ते पाहत होते. अशा वातावरणात हानीचा उच्चार म्हणजे देशद्रोह वाटू लागतो. जनरल चौहान म्हणाले की किती विमाने पडली यापेक्षा का पडली हे महत्त्वाचे. मला ते निम्मे पटते. 'का'चे उत्तर हवाई दलाच्या बंद खोलीत नक्की दिले गेले असणार. पण आदेश देणारे खोलीबाहेरचे असतात, आणि संयमाची किंमत किती हे त्यांना व त्यांना निवडून देणाऱ्यांना कळलेच नाही तर पुढच्या वेळी तोच आदेश त्याच अटींवर दिला जाईल. संयम पाळूच नये, असे माझे म्हणणे नाही. तो पाळायचा तर वैमानिकाला धोक्यात न घालता, आणखी दुरून मारता येणारी अस्त्रे वापरून कसा पाळायचा, याचा विचार आधी व्हायला हवा.

देवय्यांची कथा येथे आठवते. १९६५ मध्ये स्टारफायटर कोणी पाडले, हे आपल्याला ठाऊकच नव्हते. ते बाहेर आले १९७९ मध्ये, जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी माहितीच्या आधारे लिहिलेल्या पुस्तकातून. देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी. आपल्या वैमानिकाचा पराक्रम आपल्याला शत्रूच्या नोंदींतून कळावा! उलट बाजूही आहे. व्हिएतनाममध्ये आपली क्षेपणास्त्रे आणि आपले वैमानिक कमी का पडतात, याचा अमेरिकी नौदलाने कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्याकडून कठोर अहवाल करून घेतला. त्यातून मार्च १९६९ मध्ये हवाई झुंजीची शाळा निघाली, जी पुढे चित्रपटामुळे घराघरांत पोचली. विमान तेच फँटम राहिले, आणि युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात नौदलाचे यशाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. आपल्याकडेही अशी संस्था १९७१ मध्ये आदमपूरला सुरू झाली. आज ती ग्वाल्हेरला आहे. म्हणजे शिकण्याची सोय आहे. बाहेर बोलण्याची सवय नाही.

आणि २७ फेब्रुवारी २०१९ चा अनुभव तरी किती जुना आहे? बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी अभिनंदन वर्धमान जुन्या मिग-२१ बायसनमधून सीमेपार गेले. परत फिरण्याची सूचना त्यांच्या कानांपर्यंत पोचलीच नाही, कारण रेडिओ जॅम केलेला होता, असे नंतर प्रसिद्ध झाले. त्याच सकाळी श्रीनगरजवळ बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. आतले सहा जवान आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. ती मोठी चूक होती, असे तेव्हाचे हवाई दल प्रमुख भदौरिया यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उघडपणे सांगितले, याचे मला आजही कौतुक वाटते. दोन्ही घटनांत विमानाच्या वेगाचा वा क्षेपणास्त्राच्या पल्ल्याचा काही संबंध नव्हता. कोणाला कोण दिसते आणि कोणाला काय ऐकू येते, एवढाच प्रश्न होता.

म्हणून किती राफेल घ्यायची, या चर्चेत टेहळणी विमानांचा विषय मागे पडतो, ते मला खटकते. रशियन बनावटीच्या विमानावर इस्रायली रडार बसवलेली आपली मोठी टेहळणी विमाने तीनच आहेत, आणि स्वदेशी नेत्रही मोजकीच. एअर इंडियाची जुनी ए-३२१ विमाने घेऊन त्यांवर नवी रडार बसवण्याच्या योजनेला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. अशी कामे वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांच्यासाठी कोणी फटाके वाजवत नाही. लढाऊ विमानांचीही तूट आहेच. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले, तेव्हा मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या. त्यांची जागा घेणाऱ्या तेजस मार्क-१ए ची पहिली विमाने मार्च २०२४ पर्यंत मिळायची होती. मिगला निरोप देताना ती आलेली नव्हती. ज्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात साठच्या दशकात मिग-२१ ची बांधणी सुरू झाली, तेथूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे बांधलेले पहिले तेजस उडाले. नाशिककरांनी ते कौतुकाने पाहिले असेल. त्याला दूरवरचे दाखवणारे विमान आणि वाट सांगणारा न अडणारा आवाज त्याच्याबरोबरच तयार होतो आहे काय, हे संसदेच्या संरक्षणविषयक समितीने दर अधिवेशनात विचारावे.